माझगाव ते चाकण : जुनी एम. एम. ५४० आणि नवी थार

महिंद्राच्या जीपचा इतिहास पाहायचा असेल तर महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज पडत नाही. माझगावात तिचे सुटे भाग प्रथम जोडले गेले, कांदिवलीला कारखाना उभा राहिला, इगतपुरीत इंजिने तयार होऊ लागली, नाशिकला बोलेरो, स्कॉर्पिओ आणि थार या पुढच्या पिढ्या घडल्या, आणि चाकणला आज त्याच कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या मोटारी बनतात. यांतली बहुतेक ठिकाणे जुन्या आग्रा रस्त्यावर आणि पुणे-नाशिक रस्त्यावर येतात, आणि या दोन रस्त्यांच्या मध्ये सह्याद्रीचा असा भाग आहे की जिथे जीपचे गुणदोष एका दिवसात कळतात. म्हणून यंदा, म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबरात, पाऊस पूर्ण ओसरल्यावर आम्ही हा रस्ता धरला. माझी एम. एम. ५४० ही महिंद्राची जुनी डिझेल जीप, १९९१ च्या नोंदणीची, एका सहकारी संस्थेच्या लिलावातून घेतलेली गाडी आहे. सोबत माझ्या मेहुण्याची नवी थार होती.

पहिला दिवस : मुंबई ते इगतपुरी

सकाळी लवकर माझगावातून निघालो. या भागात आता जीपची खूण सांगणारे काही दिसत नाही, तरीही प्रवासाची सुरुवात इथूनच व्हावी असा माझा आग्रह होता. २ ऑक्टोबर १९४५ रोजी कैलासचंद्र आणि जगदीशचंद्र महिंद्र हे बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली, तेव्हा तिचा व्यवसाय पोलादाचा होता. कैलासचंद्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत भारत सरकारच्या खरेदी मंडळाचे काम पाहत होते आणि युद्धात जीपने काय करून दाखवले ते त्यांना तिथे जवळून कळले होते. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले; इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीप सुट्या भागांच्या रूपात मुंबई बंदरात उतरू लागल्या आणि माझगावात त्यांची जोडणी होऊ लागली.

त्या काळच्या भारतात रस्ते थोडे आणि सरकारची कामे मात्र दूरवरच्या गावांपर्यंत पोहोचायची होती. धरणाची पाहणी, जंगलखाते, देवीच्या रोगाची लसटोचणी, तगाईचे वाटप, निवडणुकीच्या पेट्या, या सगळ्यांसाठी जिथे बैलगाडी जाते तिथे जाणारी मोटार हवी होती. पाटबंधारे खात्याची किंवा बी. डी. ओ. साहेबांची जीप गावात आली की पोरे तिच्यामागे धावत, हे चित्र आमच्या पिढीने पाहिलेले आहे. लष्करातही तिचे स्थान असेच भक्कम होते. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात परमवीरचक्र विजेते अब्दुल हमीद यांनी शत्रूचे रणगाडे उडवले ते जीपवर बसवलेल्या तोफेने. थोडक्यात, ही गाडी आपल्याकडे हौसेसाठी आली नाही, कामासाठी आली. पुढचा सारा प्रवास करताना मी ही गोष्ट मनात धरून होतो.

ठाणे, भिवंडी वळणरस्ता, शहापूर असे करत कसारा गाठला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यामुळे आता घाट न चढताही इगतपुरीला पोहोचता येते. पण ताशी साठच्या आसपास सुखाने धावणाऱ्या गाडीसाठी जुना घाटच योग्य, म्हणून आम्ही त्यालाच लागलो. ५४० चा गिअरबॉक्स चार गिअरचा आहे. घाटात दुसरा आणि तिसरा या दोघांतच काम चालते, आणि एकदा तिसऱ्यावर इंजिनाचा सूर जमला की तो वळणांवरही तुटू द्यायचा नाही, हे या गाडीत सवयीने येते. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे वळण हातांनी नव्हे तर खांद्यांनी घ्यावे लागते. मेहुणा मागून थारमध्ये येत होता, माथ्यावर थांबल्यावर तो म्हणाला, “भावोजी, मला तर घाट लागल्याचं कळलंच नाही.” त्याच्या गाडीचे डिझेल इंजिन १३० अश्वशक्तीचे आहे, माझे त्याच्या निम्म्याहून कमी.

इगतपुरीत मुक्काम केला. इथला महिंद्राचा इंजिन कारखाना माझ्यासारख्या जुन्या जीपच्या मालकाला विशेष वाटतो. सुरुवातीच्या जीप पेट्रोलवर चालत. विलीजचे १९५३ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरी आलेले सी. जे. ३ बी हे मॉडेल महिंद्राने परवान्याखाली भारतात घडवले. त्याचे बॉनेट उंच दिसते ते आतल्या ‘हरिकेन’ इंजिनामुळे. त्या इंजिनात हवा घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये बसवलेले असल्याने त्याची उंची वाढली आणि ते झाकायला बॉनेटही वाढवावे लागले. अमेरिकेत या मॉडेलचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, आपल्याकडे मात्र तेच रूप कितीतरी वर्षे पुढे चालू राहिले. पेट्रोल महागले तसे गिऱ्हाईक डिझेल मागू लागले. तेव्हा प्रथम इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या घराण्यातले, ट्रॅक्टरशी नाते सांगणारे डिझेल इंजिन जीपमध्ये बसवण्यात आले. ते दमदार होते, पण सावकाश. त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून परवाना घेऊन एक्स. डी. पी. हे २११२ सी. सी. चे डिझेल इंजिन आले, आणि ५४० च्या पोटात आज तेच आहे. चौकट युद्धकाळातल्या अमेरिकन जीपच्या वळणाची, इंजिन फ्रेंच घराण्याचे, आणि त्याला वळण लावले ते घाटमाथ्यावरच्या या गावाने. या मिश्रणातून जी गाडी झाली तिला पुढे कोणी परदेशी म्हटले नाही.

दुसरा दिवस : नाशिक आणि परत घोटीमार्गे भंडारदरा

नाशिकचा फेरा दोन कारणांसाठी घेतला. सातपूर औद्योगिक वसाहतीतला महिंद्राचा कारखाना निदान बाहेरून पाहायचा होता, आणि माझ्या गाडीसाठी पुढच्या कमानपाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, बुश घ्यायचे होते. दुसरे काम अर्ध्या तासात झाले. दुकानदाराने गाडीचे नावही पुरते विचारले नाही. बोटाएवढा जुना बुश हातात घेऊन फिरवला, आतला व्यास डोळ्यांनीच पाहिला आणि मागच्या फळीवरून जोडी काढून दिली. पस्तिशीला टेकलेल्या गाडीचा भाग असा सहज मिळतो याचे कारण हेच की एकाच आराखड्यावर अनेक मॉडेले वर्षानुवर्षे निघाली. सी. जे. ५००, एम. एम. ५४०, ५५०, कमांडर, मेजर या सगळ्यांत बरेच भाग एकमेकांना चालतात. दुर्मीळ भागासाठी हरियाणा-पंजाबच्या सीमेवरच्या मंडी डबवालीच्या जीपबाजारातून माल मागवणारे मालकही आहेत.

कमांडरचे नाव निघाले म्हणून सांगतो. ग्रामीण महाराष्ट्राने जीप सर्वांत जास्त पाहिली ती वडापच्या रूपात. एस. टी. ची वेळ नसेल तेव्हा बाजारच्या दिवशी, लग्नसराईत, दवाखान्यासाठी, लांब पाठीची कमांडर किंवा मार्शल स्टँडबाहेर उभी असायची आणि माणसे भरल्याशिवाय हलत नसे. ती वाहतूक धोक्याची होती, नियमात बसणारी नव्हती, आणि तिच्यामुळे अपघातही झाले. तरी त्या गाड्यांनी वाड्या-वस्त्यांना तालुक्याशी जोडून ठेवले, हे त्या काळाबद्दल लिहिताना वगळता येणार नाही. आरमाडा १९९३ मध्ये आली, बोलेरो २००० मध्ये, आणि २००२ मध्ये नाशिकला स्कॉर्पिओ घडली तेव्हा महिंद्राने शहरी कुटुंबाच्या दारापर्यंत मजल मारली. उघड्या जीपला मात्र त्या वर्षांत घरात मागची जागा मिळाली होती. २०१० मध्ये थार आली तेव्हा आमच्यासारख्यांना हायसे वाटले : पुढे टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे कमानपाटे, आत २४९८ सी. सी. चे सी. आर. डी. ई., म्हणजे कॉमन रेल पद्धतीचे, डिझेल इंजिन, आणि अंगावर जुन्याच जीपची घडण.

मेहुण्याची थार त्या नंतरची. ती १५ ऑगस्ट २०२० रोजी लोकांसमोर आली आणि २ ऑक्टोबरला, म्हणजे कंपनीच्या स्थापनेच्याच तारखेला, विक्रीस खुली झाली. पहिली गाडी लिलावात १ कोटी ११ लाख रुपयांना गेली आणि ती रक्कम कोविडच्या मदतकार्याला देण्यात आली. मला याहून महत्त्वाची वाटते ती त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्लोबल एनकॅप या मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत मिळालेली चार ताऱ्यांची श्रेणी. जुन्या जीपवर कितीही जीव असला तरी तिच्यात एअरबॅग नाही, दाराच्या जागी ताडपत्रीचा पडदा आहे, आणि लहान मुलांना महामार्गावर न्यायचे असेल तर मी नव्या गाडीचाच सल्ला देईन.

सातपूरच्या रस्त्यावर थांबलो असता अमेरिकेतल्या रॉक्सरचा विषय निघाला. महिंद्राने २०१८ मध्ये मिशिगन राज्यात रॉक्सर या नावाने रस्त्याबाहेर वापरायची गाडी आणली. तिचा चेहरा विलीजच्या वळणाचा असल्याने तिथल्या जीपच्या मालक कंपनीने तक्रार केली, आणि २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरुद्ध गेल्यावर तिचे रूप बदलावे लागले. ज्या कंपनीने परवाना घेऊन तो चेहरा इतकी दशके जपला तिला तो त्याच्या जन्मभूमीत वापरता येऊ नये, याचे मला वाईट वाटते. पण कायद्याच्या दृष्टीने रूपाची मालकी कुणाची हा प्रश्न वेगळा आहे, हेही मान्य केले पाहिजे.

दुपारनंतर घोटी, वाकी, बारी असे करत, डाव्या हाताला कळसूबाई ठेवून, अंधार पडायच्या सुमारास भंडारदऱ्याजवळच्या शेंडीला पोहोचलो.

तिसरा दिवस : भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती

सकाळी थंडी चांगलीच होती. प्यूजो इंजिनाला थंडीत हीटर द्यावा लागतो : किल्ली अर्धी फिरवून धरायची, सिलिंडरच्या आतल्या खोल्यांतल्या तारा तापेपर्यंत मनात वीसपर्यंत मोजायचे आणि मगच स्टार्टर मारायचा. घाई केली तर पांढरा धूर येतो, बॅटरी उतरते आणि शेजारच्या खोलीतले लोक जागे होतात. नीट थांबले तर एका फेरीत इंजिन धरते, आणि त्या जड, संथ ठोक्यांनी सगळी चौकट हलकेच थरथरू लागते.

अभयारण्याच्या नाक्यावर शुल्क भरून मुरशेत, पांजरे, उडदावणे या बाजूने घाटघरला गेलो. प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. त्याच्या जलाशयाला वळसा घालणारा हा रस्ता बराचसा डांबरी असला तरी पावसाळ्यानंतर मधले तुकडे खडी, चिखल आणि ओहोळ यांचे होतात. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. इथे रस्ता सोडून गवतात गाडी घालणे बेकायदा आहेच, शिवाय त्या गवतावर गावाची गुरे जगतात. चारही चाकांना ताकद देणारी गाडी हाती आहे म्हणून वाटेल तिथे चाके उमटवावीत, ही वृत्ती अलीकडे फार वाढली आहे आणि तिने चांगल्या मालकांचे नाव खराब होते. चांगली जीप चालवणारा माणूस वाट सोडत नाही. वाट बिघडली असेल तर तिच्यावरूनच अलगद पुढे जातो.

घाटघरचा कोकणकडा पाहून साम्रदकडे निघालो आणि एका ओढ्याशी त्या दिवसाचा खरा अनुभव आला. फरशी एका बाजूने वाहून गेली होती आणि पलीकडे चढण्यासाठी गोट्यांचा तिरपा उतार उरला होता. मी उतरून पायी जाऊन आलो, पाण्याची खोली काठीने पाहिली. मग पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने फिरवून लॉक केले, गिअरच्या दांडीशेजारची दुसरी दांडी मागे ओढून चारही चाके जोडली आणि लो रेशो घातला. यात घडते ते असे : ट्रान्स्फर केस इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना देते आणि वेग सुमारे अडीच पटीने कमी करते, म्हणजे चाकांना तितकाच जोर वाढून मिळतो. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, अ‍ॅक्सिलरेटरला न शिवता, गाडी माणसाच्या चालीने आपली आपण चढते. कोरड्या डांबरावर मात्र ही दांडी वापरू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, त्यांना मधे सुटायला जागा नसते आणि सारा ताण जोडांवर येतो.

मध्यावर पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकदम हलके झाले. माझ्या गाडीत डिफरन्शियल लॉक, म्हणजे एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय, नाही, त्यामुळे ज्या चाकावर भार नाही तेच फिरत राहते आणि बाकीचे उभे राहते. चाक भिरभिरू लागल्याबरोबर पाय सोडला, गाडीला आपल्याच वजनाने हातभर मागे येऊ दिले, स्टिअरिंग अर्धा वळसा डावीकडे घेऊन मोठ्या गोट्यावर चाक चढेल अशी रेष धरली आणि पुन्हा त्याच चालीने वर आलो. यात जोराचे काम फारसे नव्हते. डोळ्यांनी आधी ठरवलेली रेष आणि पाय आवरणे, जुन्या जीपने शिकवलेली विद्या इतकीच आहे.

थार त्याच जागी आली तेव्हा तिचेही मागचे चाक क्षणभर फिरले, आतून ‘खट्’ असा आवाज झाला, मागच्या डिफरन्शियलचे यांत्रिक लॉक बसले आणि ती न थांबता वर चढली. दोन्ही चाकांच्या वेगात ठरावीकपेक्षा जास्त फरक पडला की हे लॉक स्वतःहून बसते; चालकाने काही करायचे नसते. मेहुण्याने काही वर्षांपूर्वी इगतपुरीजवळच्या महिंद्राच्या ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्रात शिक्षण घेतले होते, तरी तोही वर आल्यावर म्हणाला, “रेष तुम्ही आखून दिलीत म्हणून सोपं गेलं.” मी त्याला सांगितले की लॉक नसते तर त्याला माझ्यासारखेच मागे यावे लागले असते. दोन्ही विधाने खरी होती. नव्या गाडीची २२६ मिलिमीटरची जमिनीपासूनची उंची आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता या गोष्टी माणसाला निर्धास्त करतात. जुनी गाडी माणसाला सावध ठेवते.

रतनवाडीला अमृतेश्वराचे दर्शन घेतले, पिठलं-भाकरी खाल्ली आणि मुतखेलमार्गे शेंडीला परतलो.

चौथा दिवस : राजूर, ओतूर, जुन्नर

राजूर गाठायच्या आधी माझ्या गाडीचे इंजिन दम तोडू लागले. सरळ रस्त्यावर चाले, जरा जोर मागितला की बुडे, आणि शेवटी बंदच पडले. टाकीत डिझेल भरपूर होते. राजूरमधून एका वयस्क मिस्त्र्यांना बोलावून आणले. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी गाडीखाली मान घातली आणि म्हणाले, “इंजिनाला काही झालं नाही, साहेब. गाडी एअर घेतेय.” टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीला क्लिपजवळ केसासारखी चीर पडली होती. तिथून डिझेल गळत नव्हते, पण पंप ओढायला लागला की हवा मात्र आत जात होती. नळी वयाने कडक झाली होती, इतकेच.

“मामा, नवीन नळी मिळेल का इथं?”

“ट्रॅक्टरची बसंल. तिला काय धाड भरलीय?”

नळी बसल्यावर त्यांनी फिल्टरवरचा छोटा बोल्ट पान्याने दोन आटे सैल केला आणि मला पंपाची छोटी दांडी हाताने मारायला सांगितले. पहिल्यांदा नुसता फेस आला, मग फेस आणि डिझेल, मग बुडबुड्याशिवाय स्वच्छ धार. “आता आवळा,” म्हणाले. स्टार्टर मारताच इंजिन धरले. सगळे काम चहा थंड व्हायच्या आत झाले. मेहुण्याची गाडी अशी बंद पडली असती तर आधी संगणक जोडून बिघाडाचा सांकेतिक क्रमांक वाचावा लागला असता, आणि त्यासाठी अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठावे लागले असते. तिच्या इंजिनात दाब इतका असतो आणि मापे इतकी बारीक असतात की उघड्यावर हात घालणे योग्यही नाही. तो काळाचा भाग आहे आणि त्यातून धूर कमी झाला हेही खरे. पण जीप इतकी वर्षे टिकली ती अशा मिस्त्र्यांमुळे, आणि त्यांच्या हाताखाली आता शिकायला कोणी नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले. कंपन्या जुन्या गाड्या काचेमागे जपतात; त्या दुरुस्त करणाऱ्या हातांचे ज्ञानही नोंदवून ठेवले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर असे करत जुन्नरला पोहोचलो. वेळ गेल्यामुळे नाणेघाट या खेपेस वगळला.

पाचवा दिवस : नारायणगाव, चाकण आणि परत

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरलेल्या बोलेरो पिकअप रांगेने उभ्या होत्या. हौशी लोक थारभोवती जमतात, पण जीपच्या मूळ कामाचा वारसा या पिकअपकडे आहे, असे माझे मत आहे. भल्या पहाटे शेतातल्या बांधावरून निघून माल बाजारात आणायचा आणि संध्याकाळी खतांची पोती घेऊन परतायचे, हे काम १९५० च्या दशकातल्या जीपपेक्षा फार वेगळे नाही.

मंचर, राजगुरुनगर करत चाकणला आलो. इथला कारखाना २०१० मध्ये सुरू झाला, आणि आता इथून विजेवरच्या मोटारीही बाहेर पडतात. फाटकासमोर ट्रेलरवर चढलेल्या नव्या गाड्यांच्या रांगेशेजारून माझी ५४० नेली तेव्हा सुरक्षारक्षकाने हात करून थांबवले. कुठली, किती साली, इंजिन तेच आहे का, असे त्याने क्रमाने विचारले. त्याच्या वडिलांनी साताऱ्याकडे कमांडर चालवली होती. तेच इंजिन आहे म्हटल्यावर त्याने बॉनेट उघडून दाखवायची विनंती केली आणि मी ती आनंदाने मान्य केली.

तिथून तळेगावमार्गे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खंडाळा उतरलो. संपूर्ण प्रवासात ५४० ने लिटरला अकरा ते बारा किलोमीटर दिले. परत आल्यावर करायच्या कामांत नाशिकहून आणलेले बुश बसवणे, डिझेलच्या सगळ्याच नळ्या एकदम बदलणे आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या जोडांना ग्रीस भरणे ही कामे आहेत. त्यासाठी गाडी या आठवड्यात गॅरेजला द्यायची आहे.